हिमप्रदेशातील बंदर-वसाहती : पाया, पाणी आणि वाट

बडोद्याला समुद्र नाही. परंतु बडोदे संस्थानाला समुद्र होता. सौराष्ट्राच्या पश्चिम टोकाचे ओखामंडळ राजधानीपासून शेकडो मैल दूर, मध्ये अन्य संस्थानांच्या हद्दी. तरीही तेथे अंमल गायकवाडांचा. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात, ओखा येथे आधुनिक बंदर उभे राहिले. त्या मुलुखात पाऊस थोडा आणि गोड्या पाण्याची नेहमीचीच टंचाई. धक्का बांधला म्हणजे बंदर होते. पण गाव होत नाही. गावाला पक्का पाया, पिण्याचे पाणी आणि मागील मुलुखाशी जोडणारी वाट, या तिन्ही गोष्टी लागतात. ओख्याला ती वाट लोहमार्गाने दिली.

या तीन गोष्टींची सर्वांत कठोर परीक्षा कोठे झाली, हे पाहावयाचे तर वर्गातील जगाच्या नकाशाच्या अगदी तळाशी जावे लागते. तरसालीच्या आमच्या शाळेत मुले त्या पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवून विचारतात, ‘येथे आपली नावे कशी?’ प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर गोव्यापासून सुरू होते.

६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली एकवीस जणांची पहिली भारतीय तुकडी ‘पोलर सर्कल’ या जहाजाने गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. पुढे तिसऱ्या मोहिमेने, १९८३-८४ च्या उन्हाळ्यात, ‘दक्षिण गंगोत्री’ हे केंद्र उभारले. तेथे टपाल कचेरीही निघाली आणि ती गोव्याच्या टपाल विभागास जोडण्यात आली. टपाल सुरू झाले म्हणजे आपल्याकडे वस्ती झाली असे आपण मानतो. परंतु हे केंद्र समुद्रावर तरंगणाऱ्या हिमस्तरावर बांधलेले होते. वर्षानुवर्षे बर्फ साचत गेला, इमारत त्यात रुतत गेली, आणि १९९० साली केंद्र म्हणून ते सोडून द्यावे लागले. बांधणाऱ्यांच्या धैर्यात उणीव नव्हती. उणीव होती ती पायात.

ही चूक दुसऱ्या वेळी टाळली गेली. १९८९ साली उभे राहिलेले ‘मैत्री’ शिर्माकर टेकड्यांच्या उघड्या खडकावर आहे. वाऱ्याबरोबर वाहणारा बर्फ खालून निघून जावा म्हणून इमारत खांबांवर उचललेली आहे, आणि शेजारच्या ‘प्रियदर्शिनी’ सरोवराचे गोडे पाणी तिला मिळते. पाया झाला, पाणी झाले. वाट मात्र लांब राहिली. जहाजाचा माल बर्फाच्या कडेवर उतरवून सुमारे शंभर किलोमीटर आत वाहून न्यावा लागतो.

म्हणून तिसरे केंद्र ‘भारती’ लार्समन टेकड्यांत समुद्राकाठीच बांधले गेले. ते २०१२ साली सुरू झाले. १३४ मालवाहू पेट्या जोडून त्यांवर बाहेरून कवच चढविलेले हे घर आहे. पाणी समुद्राचेच घेऊन त्यातील क्षार काढले जातात, आणि वीज निर्माण करताना निघणारी उष्णता घर उबदार ठेवण्यास वापरली जाते. परंतु आम्हांस त्याहून महत्त्वाचे वाटते ते असे, की या पेट्या जशा जोडल्या तशाच सुट्या करून परत नेता येतात. १९९१ च्या माद्रिद कराराने तेथे वसणाऱ्यांवर परिणामांचा आगाऊ विचार करण्याचे आणि केरकचरा सांभाळण्याचे बंधन घातले. नगररचनेच्या इतिहासात ‘उठून जाण्याची’ तजवीज वसतानाच करणे ही गोष्ट नवीच म्हणावयाची.

उत्तर ध्रुवाकडे याची दुसरी बाजू दिसते. स्वालबार द्वीपसमूहातील न्यू-ओलेसुंद हे कोळशाच्या खाणीचे बंदर. १९६२ च्या भीषण अपघातानंतर १९६३ साली खाण बंद झाली. एकाच धंद्यावर उभे असलेले गाव त्या धंद्याबरोबर मरावयाचे; पण धक्का आणि घरे शिल्लक होती, म्हणून तेथे संशोधकांचे गाव वसले. २००८ साली भारताचे ‘हिमाद्री’ केंद्र त्याच गावात सुरू झाले.

यातून निघणारा बोध आम्हांस साधा वाटतो. ज्या ठिकाणी निसर्ग चुकीला क्षमा करीत नाही, तेथे माणूस आधी भूमीला विचारतो आणि मग बांधतो. जेथे निसर्ग काही काळ सोसून घेतो, तेथे तो विचारणे विसरतो. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीचे पाणी बडोद्याच्या वस्त्यांत शिरले तेव्हा याच विस्मरणाची किंमत आपण मोजली. दक्षिण गंगोत्री बर्फाने हळूहळू गिळली. आपल्याकडे नदीने आपली जागा एका रात्रीत परत मागितली. विद्यार्थ्यांना नकाशाच्या तळाची ती तीन नावे शिकविताना पराक्रमाची कथा अवश्य सांगावी. परंतु त्यांपैकी पहिले केंद्र का बुडाले, हेही तितक्याच आदराने सांगावे. मैत्री आणि भारती ही दोन्ही केंद्रे त्याच्यापासूनच शहाणी झाली आहेत.