क्यासनूरची माकडं आणि गोचीड

गोचीड म्हटलं की आपल्याला गोठा आठवतो. आज मात्र आपण रानात जाऊ. साल १९५७. तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरून पडू लागली, आसपासच्या गावांत माणसं तापाने फणफणली. पहिली शंका आली पीतज्वराची, म्हणजे डासांची. तो भारतात शिरला असता तर काय झालं असतं, विचार करा! पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात तपासणी झाली, तर विषाणू निघाला रशियातल्या गोचीड-तापाच्या गोत्रातला.

आता गोचीड ना उडते, ना उडी मारते. पानाच्या टोकावर पुढचे पाय पसरून बसते. श्वासाची, उबेची चाहूल लागली की जवळून जाणाऱ्याला चिकटते. माकड मेलं की त्याच्या अंगावरची बारकी गोचीड तिथेच उतरते, कात टाकते आणि पुढच्या अवस्थेत सरपणाला आलेल्या माणसाला चावते. मोठी गोचीड पोसली जाते ती आपण रानात चारायला सोडलेल्या गुरांवर. दोष मात्र माकडाच्या नावावर, 'माकडताप'!

२०१६ मध्ये हाच ताप आपल्या दोडामार्ग तालुक्यात आला. काजू वेचायचा हंगाम आणि या गोचिडींचा हंगाम, दोन्ही एकाच वेळी येतात.