विडी-उपकर आणि राखीव वेतनाची कल्पना : गोंदियाच्या संदर्भात

अमेरिकेत १९७८ च्या महसूल कायद्यातील एका कलमाच्या आधारे, नोकरदाराने औषधोपचारासाठी वेतनातून आधीच बाजूस काढलेल्या रकमेवर प्राप्तिकर न पडण्याची पद्धत रूढ झाली. १९८१ मध्ये मुलांच्या व परावलंबी आप्तांच्या सांभाळाच्या खर्चासही अशीच सवलत मिळाली. ही व्यवस्था वेतनपत्रक आणि करपात्र उत्पन्न गृहीत धरते. गोंदियाकडील घरी विड्या वळणाऱ्या स्त्रीपाशी ही दोन्ही साधने नव्हती. तेव्हा तिच्या दुखण्याखुपण्यासाठी पैसा राखावा तरी कोठून, हा प्रश्न उरतो.

तेंदूपानांच्या या मुलखात (१ मे १९९९ पर्यंत तो भंडारा जिल्ह्यात मोडत असे) विडीधंद्याचा बराच भाग सट्टेदारामार्फत चाले. तो पान-तंबाखू घरोघर वाटी व वळलेल्या विड्या कारखान्यात पोचवी. मालक आणि मजूर यांमध्ये असा आडपडदा होता. १९५८ मध्ये मध्य प्रदेशातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे सट्टेदार व त्यांची माणसे कारखाना-कायद्यान्वये कामगार ठरत नाहीत, असा निर्णय दिला. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्यांस 'कामगार' म्हटले खरे. परंतु त्यातील पाळणाघराची तरतूद कारखान्याच्या जागेशी बांधलेली होती. जिचे घर हेच कामाचे ठिकाण, तिच्या मुलास तिचा उपयोग नव्हता.

१९७६ च्या दोन कायद्यांनी निराळी वाट काढली. एकाने उपकर बसविला, दुसऱ्याने त्यातून कल्याणनिधी उभारून आरोग्य, शिक्षण व घरबांधणी यांवर खर्चण्याची सोय केली. उपकर प्रथम तंबाखूवर होता. पुढे तो दर हजार विड्यांवर आला. मजुरीही हजारीच मोजली जाई. म्हणजे ज्या मापाने ती राबे, त्याच मापाने तिच्यासाठी पैसा बाजूस पडे. व्यक्ती कागदावर दिसत नसली तरी तिचा माल दिसत होता.

वस्तू व सेवा करासोबत १ जुलै २०१७ पासून हा उपकर संपुष्टात आला. कल्याणयोजनांचा खर्च तेव्हापासून शासकीय अंदाजपत्रकावर अवलंबून राहिला. हा बदल केवळ हिशेबाचा नव्हे. श्रमाशी जोडलेली राखीव रक्कम हा कष्टकऱ्याचा हक्क असतो. अंदाजपत्रकातील तरतूद वर्षागणिक मागावी लागते.