२३ मार्च : पुराना किल्ल्यातील आशिया

१९४७ साली याच दिवशी दिल्लीच्या पुराना किल्ल्यात आशियाई संबंध परिषद सुरू झाली. अध्यक्षस्थानी सरोजिनी नायडू, उद्घाटनाला नेहरू. तरी यजमान सरकार नव्हते. निमंत्रणे होती 'इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स' या १९४३ मध्ये स्थापन झालेल्या अभ्यासमंडळाची. मंडळाचा कारभार राज्यशास्त्राचे अभ्यासक ए. अप्पादोराई पाहत. देश स्वतंत्र होण्याआधी परराष्ट्र व्यवहाराचा अभ्यास सुरू करणे, हे त्या काळी धाडसच म्हणायचे.

मंडळाच्या संस्थापकांपैकी पं. हृदयनाथ कुंझरू हे १९३६ पासून पुण्याच्या भारत सेवक समाजाचेही अध्यक्ष. गोखल्यांनी १९०५ मध्ये काढलेला हाच तो समाज. जव्हार-मोखाड्याकडे त्याची ओळख वेगळ्या वाटेने पोचते : समाजाच्या पहिल्या महिला आजीव सदस्य गोदावरी परुळेकर. त्या समाजातून बाहेर पडल्या आणि १९४५ पासून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील वारली आदिवासींच्या वेठबिगारीविरुद्ध उभ्या ठाकल्या. दिल्लीत आशियाची चर्चा चालू होती, तेव्हा इकडे तो लढा पेटलेलाच होता.

पुढे १९५५ मध्ये मंडळाच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय संबंधांचे स्वतंत्र विद्यालय निघाले. पहिले संचालक अप्पादोराईच. १९७० मध्ये हे विद्यालय जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाले.