एका तारेकडून दोन तारांकडे

इ. स. १८५३ च्या तहान्वये निजामाने धाराशिव प्रांत कंपनी सरकारच्या स्वाधीन केला, तेव्हा बातमी हरकाऱ्याच्या पायांनी चाले. पुढच्याच वर्षी मुंबई, आग्रा व कलकत्ता ही नगरे तारायंत्राने जोडली गेली. तार एकच; प्रवाहाची परतीची वाट भूमी. टेलिफोन आल्यावर मात्र भूमीतील विक्षोभ संभाषणात मिसळू लागला. १८८१ साली ग्रॅहॅम बेल यांनी पीळ दिलेल्या दोन तारांची योजना मांडली. विक्षोभ दोहोंवर सारखाच पडतो. दोन्ही तारांची वजाबाकी करताच तो लोपतो व संदेश तेवढा उरतो. १९९४ च्या सुमारास आलेल्या चिपांनी याच तत्त्वावर ३.५ मिलिअँपिअर प्रवाहाने, ०.३५ व्होल्टच्या फरकाने, सेकंदास कोट्यवधी संकेत धाडले. विक्षोभाचे भय सरले, म्हणून दाब अल्प ठेवता आला. दाब अल्प, म्हणून वीज थोडी व वेग अधिक. हरकाऱ्याची वाट पाहणाऱ्या त्याच धाराशिवात आज कित्येक संगणकांच्या पडद्यांमागे ही तारांची जोडी मुकाट्याने राबत आहे.