तक्त्यात न मावणारा कडबा

आयर्लंडमध्ये शेतीच्या जमिनीपैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त जमीन गवताखाली आहे. आपल्याकडे चारापिकांच्या वाट्याला लागवडीखालची जेमतेम चार-पाच टक्के जमीन येते. आणि २०१९ च्या पशुगणनेत गाई-बैल व म्हशी मिळून सुमारे ३० कोटी! मग ही जनावरं खातात तरी काय?

उत्तर आपल्या घरचंच आहे: कडबा, भाताचा पेंढा, गव्हाचा भुसा.

युरोपात हिवाळ्यात गवत वाढत नाही. म्हणून उन्हाळ्यात कापून, वाळवून रचून ठेवायचं. तिथे गवत हेच एक पीक. अठराव्या शतकात इंग्लंडच्या नॉरफकमध्ये गहू, सलगम, बार्ली, क्लोव्हर अशी फेरपालट रूढ झाली आणि चाऱ्याला शेतात हक्काची जागा मिळाली.

आपल्या कोरडवाहू भागात तेवढी चैन कुठली? एकाच ताटावर दोघं जगायचे. कणीस माणसाला, ताट जनावराला. पण देशोदेशींच्या तक्त्यांत कडबा चारापीक म्हणून येतच नाही, तो धान्याचा नुसता 'अवशेष'. त्यात वजनाचा घोळ वेगळाच. हिरव्या चाऱ्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असू शकतं, वाळल्यात दहा-पंधरा टक्के. मग टनाची टनाशी तुलना काय कामाची?

शेतकऱ्याचा हिशोब मात्र पक्का होता. १९६४ साली सीएसएच-१ ही देशातली पहिली संकरित ज्वारी आली. दाणा भरघोस, ताट बुटकं. कागदावर उत्पादन वाढलं, पण शेतकरी पोत्यांबरोबर कडब्याची गंजीही बघत होता. खरिपात संकरित वाण पसरले. रब्बीत मालदांडी टिकली, ती भाकरीइतकीच कडब्यासाठी.

अर्थात या पद्धतीत एक धोका आहे. दाणा आणि चारा एकाच ताटावर असले की पाऊस हुकल्यावर दोन्ही एकदम जातात. १९७२ च्या दुष्काळात माणसांसाठी बोटीतून मिलो आला. कडबा कोण पाठवणार? २०१२-१३ मध्ये जनावरांसाठी छावण्या उघडाव्या लागल्या.

आता महाराष्ट्रात ज्वारीची बरीच जागा सोयाबीन आणि उसाने घेतली आहे. ज्वारीचं क्षेत्र घटलं हे आकडेवारीत दिसतं. त्याबरोबर किती गंजी गेल्या, ते कुठल्याच रकान्यात दिसत नाही. जे मोजलंच नाही, ते कमी झाल्याची हाकाटी तरी कोण करणार?

असो. गोठ्यातल्या जनावराला ते आधी कळतं.