सैनिकाचे हृदय

तापातून उठलेला माणूस कामावर रुजू झाला की तो बरा झाला, असे हजेरीपुस्तक धरून चालते. उभ्या कामात ज्याची छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते, पण डॉक्टरांच्या नळीला काही ऐकू येत नाही, त्याच्या नावापुढे ‘कामचुकार’ याखेरीज दुसरा शेरा आम्ही तीस वर्षांत क्वचितच पाहिला. या दुखण्याचा लेखी इतिहास मात्र कारखान्यातला नाही, छावणीतला आहे.

अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) फिलाडेल्फियाच्या एका इस्पितळात डॉ. जेकब डा कोस्टा यांच्याकडे असे सैनिक येऊ लागले. वरून धडधाकट, पण जरा श्रम झाले की नाडी पळे. पुष्कळांना आधी ताप वा अतिसार होऊन गेला होता. १८७१ साली डा कोस्टांनी हा वृत्तांत छापला, व दुखण्यातून नुकत्याच उठलेल्या शिपायाला घाईने कामावर धाडू नये, असे त्यात स्पष्ट लिहिले. आम्हांला हे वाक्य कोणत्याही कराराहून मोलाचे वाटते.

पहिल्या महायुद्धात इंग्लंडात हेच दुखणे हजारोंना जडले. टॉमस लुइस यांनी हॅम्पस्टेडच्या इस्पितळात रुग्णांकडून चढत्या क्रमाने कवायत करवून खंदकात कोण जाईल व घरी कोण, हे ठरविले. त्यांची निरीक्षणे बारीक होती, पण प्रश्न सरकारचा होता. १९४१ साली पॉल वुड यांनी तर हा मुख्यतः भीतीचा, मनाचा विकार ठरविला. झाले! शेऱ्याला शास्त्राचा आधार मिळाला.

१९९३ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी अशा एका विकाराची व्याख्या केली. उभे राहिल्यावर रक्त पायांकडे उतरते. रक्तवाहिन्या आवळणाऱ्या मज्जातंतूंनी काम नीट केले नाही, तर हृदयाला धावावे लागते. दहा मिनिटांत प्रौढाची नाडी तीस ठोक्यांनी वाढते, रक्तदाब मात्र फारसा उतरत नाही. विषाणूच्या तापानंतर हे अनेकांना होते, करोनानंतरही झाले.

२०२२ साली झियाद अल्-अली यांनी पुन्हा अमेरिकेच्या माजी सैनिकांचेच कागद तपासले. करोना होऊन गेलेले १,५३,७६० जण. वर्षभरात त्यांच्यात हृदयविकार, पक्षाघात, रक्ताच्या गाठी यांचे प्रमाण इतरांहून अधिक भरले. जे इस्पितळात गेलेच नव्हते, त्यांच्यातही.

उभे करून नाडी मोजायला एक बाकडे, एक घड्याळ व दहा मिनिटे लागतात. एका कारखान्याच्या दवाखान्यात आम्ही ती मागून घेतली. आडवा असताना ७८. उभा राहिल्यावर सातव्या मिनिटाला १२१.