आमलीच्या बाजारातील मोबाइल-संगणकाचे जोडसाहित्य : पारख, निवड आणि वापर

दादरा आणि नगर हवेली जिल्ह्याचे मुख्य ठाणे असलेल्या सिल्वासा नगरात आमली हा भाग मोडतो. या प्रदेशाच्या औद्योगिकीकरणाला १९६५ मध्ये पिपरिया येथे दान उद्योग सहकारी संघाने उभारलेल्या वसाहतीपासून सुरुवात झाली. पुढे मसाट आणि खडोली येथेही वसाहती झाल्या आणि कामाच्या शोधात देशाच्या अनेक भागांतून माणसे येथे येऊन राहिली. २०११ च्या जनगणनेत दादरा आणि नगर हवेलीची लोकसंख्या ३,४३,७०९ इतकी नोंदली गेली. खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्या कामगाराचा गावाकडच्या माणसांशी असलेला संबंध, खात्यातील पगार, मुलांचा अभ्यास आणि घरातील छायाचित्रे हे सारे आज एका मोबाइलवर अवलंबून असते. तो मोबाइल चालतो तो चार्जर, केबल, पॉवर बँक, मेमरी कार्ड अशा लहानसहान वस्तूंच्या आधाराने. या वस्तूंना बाजारात ‘ॲक्सेसरीज’ म्हणतात. येथे त्यांना जोडसाहित्य म्हटले आहे.

मोबाइल किंवा लॅपटॉप घेताना ग्राहक चार दुकाने फिरतो, जाणकारांना विचारतो. जोडसाहित्य मात्र बसस्थानकाजवळ, घाईत, रंग पाहून घेतले जाते. वास्तविक घरातील आग, निकामी झालेला मोबाइल आणि कायमची गमावलेली छायाचित्रे यांचे मूळ पुष्कळदा याच स्वस्त वस्तूंत असते. दोन चार्जर बाहेरून तंतोतंत सारखे दिसतात. आतील घटक वेगळे असतात. डब्यावरील चित्र किंवा नाव ही त्यांची खात्रीची ओळख नव्हे. खरी ओळख वस्तूच्या अंगावर छापलेल्या बारीक अक्षरांत असते आणि ती अक्षरे वाचणे कठीण नाही.

नोंदणीचे चिन्ह

केंद्र सरकारने २०१२ मध्ये इलेक्ट्रॉनिक आणि माहिती तंत्रज्ञान वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश काढला. लॅपटॉप, टॅब्लेट, प्रिंटर, वायरलेस कीबोर्ड यांपासून आरंभ झालेल्या या यादीत पुढे मोबाइल, चार्जरचे अडॅप्टर, बॅटरी आणि पॉवर बँक यांची भर पडली. यादीतील वस्तू देशात बनलेली असो वा आयात केलेली, तिची भारतीय मानक ब्युरोकडे नोंदणी झाल्याशिवाय ती विकता येत नाही. नोंदणी झालेल्या वस्तूवर ब्युरोचे चिन्ह, मानकाचा ‘आयएस’ क्रमांक आणि इंग्रजी ‘आर’ अक्षराने सुरू होणारा आठ अंकी क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ या सरकारी ॲपमध्ये हा क्रमांक भरला की उत्पादकाचे नाव, कारखान्याचा पत्ता आणि नोंदणी कोणत्या वस्तूसाठी आहे ते दिसते. ॲपमधील नाव आणि हातातील वस्तूवरचे नाव जुळले नाही, तर चिन्ह छापलेले असूनही ती वस्तू घेऊ नये. ही तपासणी दुकानाच्या पायरीवर उभे राहून दोन मिनिटांत होते.

चार्जर

चार्जरवर ‘आउटपुट’ या शब्दापुढे व्होल्ट आणि अँपिअर यांचे आकडे असतात. दोहोंचा गुणाकार म्हणजे वॅट. ५ व्होल्ट आणि २ अँपिअर म्हणजे १० वॅट. २० व्होल्ट आणि ३.२५ अँपिअर म्हणजे ६५ वॅट. पहिला साध्या मोबाइलला पुरतो, दुसरा अनेक लॅपटॉपनाही चालतो. जास्त वॅटचा चार्जर लावल्यास मोबाइल जळतो, हा समज चुकीचा आहे. यूएसबी पॉवर डिलिव्हरी या पद्धतीत उपकरण आणि चार्जर आधी परस्परांशी संकेतांनी बोलणी करतात आणि उपकरणाला झेपेल तितकाच दाब व प्रवाह ठरवतात. धोका असतो तो आकड्यांपेक्षा आतील बांधणीत. घरातील २३० व्होल्टची बाजू आणि मोबाइलकडे जाणारी बाजू यांच्यामध्ये योग्य अंतर व विलगीकरण नसेल, तर चार्जिंगला लावलेल्या मोबाइलला हात लावणाऱ्यालाही विजेचा धक्का बसू शकतो. वजनाला फार हलका, वापरताना हात लावता येणार नाही इतका तापणारा किंवा गुणगुणणारा चार्जर म्हणूनच लगेच काढून टाकावा.

केबल

यूएसबी-सी हा दोन्ही बाजूंनी सारखाच बसणारा जोड २०१४ मध्ये प्रमाणित झाला. भारतीय मानक ब्युरोनेही त्याविषयीचे मानक २०२३ च्या आरंभी प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी ॲपलने आयफोन १५ मध्ये हा जोड स्वीकारला. एकच जोड सर्वत्र आल्याने सोय झाली, तसाच एक नवा घोटाळाही झाला. आता टोक सारखे असलेल्या केबल क्षमतेने अत्यंत भिन्न असतात. दोन्ही टोकांना यूएसबी-सी असलेली साधी केबल ३ अँपिअर, म्हणजे जास्तीत जास्त ६० वॅट वाहून नेते. त्यापुढे ५ अँपिअरसाठी केबलच्या टोकात स्वतःची ओळख सांगणारी चिप असावी लागते. १०० वॅटची मर्यादा २०२१ च्या सुधारित प्रमाणकात २४० वॅटवर नेण्यात आली.

माहिती वाहण्याचा वेग ही आणखी वेगळी गोष्ट आहे. चार्जरसोबत मिळणाऱ्या बहुतेक केबल यूएसबी २.० प्रकारच्या असतात आणि त्यांचा कमाल वेग सेकंदाला ४८० मेगाबिट असतो. बाह्य हार्ड डिस्क किंवा एसएसडीसाठी ५ अथवा १० गिगाबिट लिहिलेली केबल लागते. ‘नवा लॅपटॉप मंद चालतो’ या तक्रारीचे उत्तर कधी कधी अशा एका केबलमध्ये सापडते.

पॉवर बँक

पॉवर बँकेवरील १०,००० एमएएच हा आकडा आतील सेलच्या सुमारे ३.७ व्होल्ट दाबाचा असतो. त्यातील ऊर्जा ३७ वॅट-तास होते. बाहेर मात्र ५ व्होल्टने वीज द्यायची असल्याने तीच ऊर्जा हिशेबाने ७,४०० एमएएच भरते, आणि रूपांतरातील तूट धरल्यास हाती त्याहूनही कमी लागते. ५,००० एमएएच बॅटरीचा मोबाइल तिच्यावर दोनदा पूर्ण भरत नाही, याचा अर्थ दुकानदाराने फसवले असा नाही. चांगल्या पॉवर बँकेवर सेलच्या क्षमतेखेरीज ‘रेटेड कपॅसिटी’ हा दुसरा, लहान आकडा छापलेला असतो. तुलना त्या आकड्याची करावी. खिशात मावणाऱ्या डबीवर ५०,००० एमएएच लिहिले असेल, तर तो आकडा विश्वासार्ह नाही.

विमानप्रवासात पॉवर बँक हातातील सामानातच ठेवावी लागते आणि साधारण मर्यादा १०० वॅट-तासांची, म्हणजे सुमारे २७,००० एमएएचची असते. फुगलेली पॉवर बँक पुन्हा चार्ज करू नये, दाबू नये, टोचू नये. पत्र्याच्या छपराखालच्या तापलेल्या खोलीत उशीखाली चार्जिंगला लावलेली पॉवर बँक विशेष धोक्याची. लिथियम सेलला उष्णता सोसत नाही आणि कापूस ती उष्णता बाहेर जाऊ देत नाही.

पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड

६४ जीबीचा पेन ड्राइव्ह विंडोज संगणकात सुमारे ५९.६ जीबी दिसतो. ही फसवणूक नव्हे. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो आणि संगणक १,०२४ च्या पटीत. खरी फसवणूक वेगळी असते. काही बनावट ड्राइव्हमधील चिपला खोटी क्षमता सांगायला लावलेले असते. संगणकाला १ टीबी दिसते, प्रत्यक्षात आत ३२ जीबी असतात. तेवढी जागा भरली की नवी माहिती जुन्या माहितीवर लिहिली जाते. फाइलींची नावे यादीत राहतात, परंतु लग्नाची छायाचित्रे उघडत नाहीत. नवा ड्राइव्ह घेतल्यावर तो ‘एच२टेस्टडब्ल्यू’ किंवा ‘एफ३’ या मोफत प्रणालीने पूर्ण भरून तपासावा आणि मगच वापरात घ्यावा. मोबाइलच्या कार्डावर ‘ए१’ किंवा ‘ए२’ असल्यास ॲप चालवण्यास ते बरे, आणि ‘व्ही३०’ असल्यास चित्रफितीसाठी सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लेखनवेग मिळतो. पेन ड्राइव्ह ने-आण करण्यासाठी असतो, जपणुकीसाठी नव्हे. महत्त्वाच्या कागदपत्रांची दुसरी प्रत अन्यत्र असावी.

लॅन केबल आणि राउटर

केबल ही या प्रदेशाला परकी वस्तू नाही. स्टरलाइट टेक्नॉलॉजीजचे केबलचे कारखाने राखोली आणि दादरा येथे आहेत, आणि त्यांत लागणारा काचेचा तंतू या कंपनीने औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, घडवला. राखोली परिसरात विजेच्या तारांचेही कारखाने आहेत. तरीही किरकोळ बाजारात लॅन केबल घेताना सावध राहावे लागते. ‘कॅट-५ई’ केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट वेग देते. ‘कॅट-६’ सुमारे ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिट देऊ शकते. हे आकडे शुद्ध तांब्याच्या तारेचे आहेत. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ मुलामा असतो. तार चाकूने खरवडली की आतून पांढरी दिसते. ती वाकवताना तुटते, तिचा रोध अधिक असतो, आणि सीसीटीव्ही कॅमेऱ्याला त्याच केबलमधून वीज पुरवल्यास ती तापते.

कीबोर्ड

या प्रदेशात मराठी आणि गुजराती या दोन्ही माध्यमांच्या शाळा चालतात. संगणकासाठी भारत सरकारने १९८६ मध्ये प्रमाणित केलेली इन्स्क्रिप्ट ही कळरचना येथे विशेष उपयोगी ठरते. डाव्या हाताला स्वर व मात्रा, उजव्या हाताला बहुतांश व्यंजने अशी तिची मांडणी असून ती सर्व प्रमुख भारतीय लिप्यांना समान आहे. इंग्रजी ‘के’च्या कळीवर देवनागरीत ‘क’ उमटतो, तर गुजराती निवडल्यावर त्याच कळीवर गुजराती ‘क’ उमटतो. बोटांना एक सवय लागली की दोन्ही लिप्या लिहिता येतात. विंडोज आणि लिनक्स या दोहोंत ती आधीपासून असते. त्यासाठी महागडा कीबोर्ड घ्यावा लागत नाही. साध्या कीबोर्डवर अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावल्या तरी काम भागते.

पाऊस आणि वीज

नैर्ऋत्य मोसमी पावसाचे चार महिने या उपकरणांची परीक्षा घेतात. यूएसबी-सीच्या खाचेत पाणी गेल्यावर मोबाइल चार्जिंगला लावल्यास आतील संपर्क गंजतात. खाच खाली करून हलकेच झटकावी आणि मोकळ्या हवेत कोरडी होऊ द्यावी. तांदळाच्या डब्यात मोबाइल ठेवल्याने विशेष लाभ होत नाही, उलट पीठ आत जाते.

गडगडाटाच्या वेळी संगणक, राउटर आणि चार्जर यांची पिन काढून ठेवणे हाच उत्तम उपाय. काचेचा तंतू वीज वाहत नाही, परंतु राउटरचा अडॅप्टर आणि तांब्याची लॅन केबल वाहते. एक्स्टेन्शन बोर्ड आणि स्पाइक गार्ड यांत फरक आहे. स्पाइक गार्डमध्ये अकस्मात वाढलेला दाब शोषणारा घटक असतो. प्रत्येक आघातानिशी तो झिजतो, आणि घराचे अर्थिंग सदोष असेल तर त्याचे संरक्षण अपुरे पडते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने म्हणून स्पाइक गार्ड घेण्यापूर्वी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे.

बिल आणि तक्रार

छापील बिलावर वस्तूचे नाव, नमुना क्रमांक आणि तारीख असावी. वॉरंटीचा दावा त्यावरच उभा राहतो. जुना मोबाइल घेताना *#०६# दाबून मिळणारा आयएमईआय क्रमांक पाहावा आणि ‘केवायएम’ ही इंग्रजी अक्षरे व त्यापुढे तो क्रमांक लिहून १४४२२ वर संदेश पाठवावा. चोरीचा म्हणून बंद केलेला मोबाइल असल्यास त्याची माहिती मिळते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ आहे. तेथे न मिटलेले प्रकरण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा आयोगापुढे दोन वर्षांच्या आत नेता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. तीनशे रुपयांच्या चार्जरसाठी कोणी आयोगाकडे जाणार नाही, असे विक्रेता धरून चालतो. १९१५ वरील दूरध्वनीला मात्र काहीच खर्च येत नाही.

निकामी वस्तू

ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. बॅटरीसाठी २०२२ चे स्वतंत्र नियम आहेत. दोहोंनुसार वापरून झालेल्या मालाची जबाबदारी उत्पादकावर आहे. फुगलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकल्यास कचरागाडीत दाबली जाऊन पेट घेऊ शकते. तिच्या टोकांना चिकटपट्टी लावून, इतर धातूंपासून वेगळी ठेवून, ती कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा अधिकृत संकलकाकडे द्यावी.

मर्यादित पैशांत खरेदी करायची असेल, तर क्रम असा ठेवावा : आधी नोंदणीकृत चार्जर, मग योग्य केबल, त्यानंतर तपासून घेतलेले मेमरी कार्ड. कव्हर, रंगीत दिवे आणि स्पीकर यांचा विचार त्यानंतर. घर आणि घरातल्या आठवणी सुरक्षित राहतात त्या या पहिल्या तीन वस्तूंमुळे.